उसाच्या रसाचा शिरका : घरच्या घरी करण्याची रीत व कोल्हापुरात मिळणारे साहित्य

आपल्या जिल्ह्यात ऊस हे मुख्य पीक आणि गूळ हा त्याचा जुना व्यवहार होय. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली, तेव्हापासून कोल्हापूरचा गूळ दूरदूरच्या बाजारांत जाऊ लागला. आणि २०१४ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. असे असूनही रसापासून निघणारा एक उपयुक्त पदार्थ आपल्या घरांत क्वचितच केला जातो. तो पदार्थ म्हणजे शिरका, ज्यास बाजारात व्हिनेगर म्हणतात. गोमंतकात माडाच्या सुरेपासून शिरका करण्याची रीत घरोघर चालत आली आहे. तोच गुणधर्म उसाच्या रसातही असल्यामुळे आपल्याकडे तो न होण्यास माहितीच्या उणिवेवाचून दुसरे कारण दिसत नाही.

बाजारात स्वस्त मिळणारा पुष्कळसा शिरका हा आंबवलेला नसून असेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेला असतो. अन्नविषयक नियमांप्रमाणे अशा मालावर तो कृत्रिम असल्याचे छापावे लागते. दोन्ही प्रकारांत आम्ल शेकडा ३·७५ हून कमी असता कामा नये, असाही नियम आहे. लोणच्यासाठी शिरका विकत घेताना बाटलीवरील ही अक्षरे वाचण्याची सवय प्रत्येक गृहिणीने लावून घ्यावी.

दोन कामे, दोन रीती

शिरका होण्यात एकामागून एक अशी दोन निरनिराळी कामे घडतात. पहिल्यात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखर खाऊन तिचे मद्यार्क व कर्बवायू ह्यांत रूपांतर करतात. ह्या कामास हवा लागत नाही. उलट ती जितकी कमी तितके बरे. दुसऱ्यात निराळ्याच जातीचे जीवाणू त्या मद्यार्काचे आम्ल करतात, आणि त्यांस हवेवाचून क्षणभरही चालत नाही. शिरका ही सजीवांची करणी आहे, हे फ्रान्समधील लुई पाश्चर ह्यांनी १८६० नंतरच्या दशकात प्रयोगांनी सिद्ध केले.

घरचा शिरका बिघडतो तो बहुधा ही दोन कामे एकाच भांड्यात, एकाच वेळी करू पाहिल्यामुळे. रस उघडा ठेवला म्हणजे आपोआप आंबट होईल ही समजूत चुकीची आहे. तसा रस आंबट होतो खरा, पण तो चिकट, बुरशीयुक्त व दुर्गंधीचा होतो. प्रथम हवा आवरावी, मग हवा द्यावी, हे ह्या सर्व विद्येचे सूत्र समजावे.

कायद्याविषयी

रीत सांगण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षीचा दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्याअन्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा असून मद्यार्क असलेल्या सर्व द्रवांचा समावेश कायद्याने ‘मद्य’ ह्या शब्दात केला आहे. परदेशांत घरी बिअर करण्याची जी हौस आहे, तिला आपल्याकडे ह्यामुळे वाव नाही. शिरक्याच्या कृतीतही मधल्या अवस्थेत मद्यार्क असतोच. सबब, काम हाती घेण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी विचारणा करावी व मिळालेले उत्तर जपून ठेवावे. विक्री करावयाची असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीही लागते. पहिल्या अवस्थेतील द्रव कोणीही पिऊ नये, विकू नये आणि तो ऊर्ध्वपातित करण्याचे तर मनातही आणू नये. साखर कारखान्यातील मळी ह्या कामी वापरू नये, कारण तिचा साठा व व्यवहार सरकारी नियंत्रणाखाली आहे.

साहित्य व ते मिळण्याची ठिकाणे

१. रस अथवा गूळ. हंगामात गुऱ्हाळावरचा ताजा रस हा सर्वांत उत्तम. हंगाम संपल्यावर गूळ वापरता येतो; तो श्री शाहू मार्केट यार्डात किंवा ओळखीच्या गुऱ्हाळावर घ्यावा. पिवळाधमक, फिकट गूळ दिसावयास सुंदर असला तरी त्यात हायड्रॉस घातलेला असण्याचा संभव असतो. त्यातील गंधकाचा अंश यीस्टला मारक ठरतो. गुळात गंधक-डायऑक्साइड दशलक्ष भागांत ७० भागांपेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. आपणांस मात्र हायड्रॉस मुळीच न घातलेला, तांबूस-काळसर गूळच पाहिजे.

२. यीस्ट. पाव करणाऱ्यांस माल पुरविणाऱ्या दुकानांत कोरडे यीस्ट पुडीत मिळते. लक्ष्मीपुरीतील किराण्याच्या घाऊक पेठेत चौकशी केल्यास अशा दुकानांचा पत्ता लागतो. पुडीवरील तारीख पाहून घ्यावी. उघडी राहिलेली पुडी घेऊ नये.

३. भांडी. काच, चिनी माती अथवा अन्नासाठी योग्य असे प्लॅस्टिक एवढीच भांडी चालतात. तांबे, पितळ, लोखंड व ॲल्युमिनियम ह्यांस आम्ल खाते आणि धातूचा अंश पदार्थात उतरतो. साधी मातीची घागर झिरपते व धुऊन स्वच्छ होत नाही. जुन्या, रंगीत झिलईच्या बरण्यांत शिसे असण्याची भीती असते, म्हणून त्याही टाळाव्यात. लोणच्याची पांढरी बरणी किंवा रुंद तोंडाची काचेची बरणी पसंत करावी.

४. मोजमापाची उपकरणे. ब्रिक्स दाखविणारा हायड्रोमीटर, ५ मिलिलिटरची पिपेट आणि ब्यूरेट ही शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांस माल देणाऱ्या दुकानांत मिळतात. ती दुकाने कोणती, हे जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारावे. ऊस पक्व झाला की नाही हे पाहण्याचा हातातील ब्रिक्समापक पुष्कळांजवळ असतो. तो रस मोजण्यास चालेल. पण मद्यार्क उत्पन्न झाल्यावर त्याचे आकडे चुकतात, म्हणून हायड्रोमीटर निराळा घ्यावाच.

५. जिवंत शिरका. दुसऱ्या कामास विरजण लागते. बाटलीतील तापवून भरलेला किंवा कृत्रिम शिरका ह्या कामी निरुपयोगी, कारण त्यात जीवाणू नसतात. न तापविलेला, तळाशी वा वर जेलीसारखी साय धरलेला शिरका मिळवावा. गोमंतकातून येणाऱ्या परिचितांकडून माडाचा घरगुती शिरका आणविणे हा सोपा मार्ग होय.

बरण्यांपूर्वी उपकरणे घ्यावीत, असा आमचा आग्रह आहे. माप नसेल तर शिरका साधला तरी तो का साधला हे कळत नाही, आणि बिघडला तरी कारण सापडत नाही.

पहिले काम : साखरेचे मद्यार्क

प्रथम ८ लिटरचाच प्रयोग करावा. ताजा रस दोन तासांच्या आत गाळून स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटे उकळावा व वर येणारा फेस-मळ काढून टाकावा. रस निवल्यावर ब्रिक्स मोजावा. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स २० च्या आसपास भरतो. तसा भरल्यास ५ लिटर रसात उकळून थंड केलेले ३ लिटर पाणी घालावे, म्हणजे ब्रिक्स साडेबारावर येतो. गूळ वापरावयाचा असल्यास १ किलो गुळास ६ लिटर पाणी हे प्रमाण धरून विरघळवावे, उकळून गाळावे आणि ब्रिक्स १२ ते १३ राहील असे पाहावे.

हे प्रमाण ठरविण्याचे कारण असे की ब्रिक्सच्या साधारण निम्म्याइतका शेकडा मद्यार्क तयार होतो, आणि त्यापासून त्याहून थोडे कमी आम्ल मिळते. साडेबारा ब्रिक्सपासून सुमारे ५ टक्के आम्लाचा शिरका येतो. रस न पातळविता घेतल्यास मद्यार्क इतका वाढतो की पुढील जीवाणूंचे काम मंदावते. फार पातळ केल्यास शिरका कमजोर होऊन त्यावर बुरशी धरते.

द्रव कोमट, म्हणजे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना ५ ग्रॅम यीस्ट अर्धी वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून त्यात मिसळावे. यीस्टचे पोषण म्हणून शेतातील डीएपी खत घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. ते खत अन्नासाठी शुद्ध केलेले नसते, आणि इतक्या पातळ रसास त्याची गरजही पडत नाही. १० लिटरच्या भांड्यात द्रव भरून वरचा भाग फेसासाठी मोकळा ठेवावा. झाकणास भोक पाडून त्यातून रबरी नळी काढावी व तिचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवावे. वायू बाहेर पडतो, पण हवा आत शिरत नाही. तोंड गच्च बंद केल्यास वायूच्या दाबाने भांडे फुटते, हे विसरू नये.

पाच ते आठ दिवसांत बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटर शून्याजवळ येऊन लागोपाठ दोन दिवस तोच आकडा दाखवू लागला, म्हणजे पहिले काम संपले. गुळाच्या द्रवात क्षार अधिक असल्याने आकडा किंचित वर राहतो. मग द्रव न हलविता नळीने वरचा निवळ भाग काढून घ्यावा. तळचा गाळ घेऊ नये. सुमारे ७ लिटर निवळ द्रव हाती येईल.

दुसरे काम : मद्यार्काचे आम्ल

ह्या ७ लिटरांत पावणेदोन लिटर जिवंत शिरका त्याच दिवशी मिसळावा. पुष्कळांस हे प्रमाण जास्त वाटेल. परंतु आरंभापासून द्रव आंबट असला म्हणजे बुरशी व इतर उपद्रवी जीवांस थारा मिळत नाही. हा द्रव १० लिटरच्या दोन रुंद बरण्यांत सारखा वाटून घालावा, म्हणजे प्रत्येक बरणी निम्मी रिकामी राहते व हवेस मोठा पृष्ठभाग मिळतो. तोंडास दुहेरी स्वच्छ कापड बांधावे, नाहीतर चिलटे आत शिरतात. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटात ठेवावी. जागा अंधारी, हवेशीर व उबदार असावी. २५ ते ३० अंश उष्णतामान उत्तम. पौष-माघाच्या थंडीत काम फार हळू चालते. अशा वेळी स्वयंपाकघरातील फळी सोयीची पडते.

एक-दोन आठवड्यांत वर पातळ साय धरते. ती मोडू नये, बरणी हलवू नये. मोडलेली साय बुडते आणि काम पुन्हा आरंभापासून सुरू होते. साय गुळगुळीत व पांढुरकी असल्यास चिंता नाही. हिरवी, काळी वा निळी लव दिसल्यास मात्र ती बरणी ओतून द्यावी. वरचे काढून खालचे वापरण्याचा लोभ धरू नये.

आम्लाची परीक्षा

एक ते तीन महिन्यांत शिरका तयार होतो. पण तो झाला हे जिभेने ठरवू नये. ५ मिलिलिटर शिरका थोड्या शुद्ध पाण्यात घालून फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत. मग ब्यूरेटमधून अर्ध-नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबथेंब सोडावे. फिकट गुलाबी रंग टिकून राहिला की थांबावे आणि जितके मिलिलिटर द्रावण लागले त्यास ०·६ ने गुणावे. येणारा आकडा हेच आम्लाचे शेकडा प्रमाण. ८·३ मिलिलिटर लागल्यास आम्ल ५ टक्के समजावे. कॉस्टिक सोडा कातडी व डोळे जाळतो, म्हणून द्रावण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावे व मुलांच्या हाती लागू देऊ नये.

ही परीक्षा दर पंधरा दिवसांनी करावी. आम्ल वाढण्याचे थांबले की शिरका लगेच काढावा. मद्यार्क संपल्यावर तेच जीवाणू आम्ल खाऊ लागतात आणि दोन महिन्यांचे श्रम पाण्यात जातात. पुढील खेपेच्या विरजणासाठी दोन लिटर बाजूस ठेवून उरलेला शिरका गाळावा, ६५ अंशांपर्यंत तापवून अर्धा तास तसाच राखावा आणि स्वच्छ बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून बुचे लावावीत. लोणच्यास वापरावयाचा शिरका ५ टक्क्यांहून कमी नसावा.

गुळाचा भाव पडलेल्या वर्षी शिरक्याने सर्व तूट भरून निघेल, असे आम्ही म्हणत नाही. पेठ लहान आहे आणि कृत्रिम मालाशी किंमतीत बरोबरी होणे कठीण आहे. परंतु ज्याच्या बाटलीवर खरे आम्लप्रमाण लिहिलेले आहे आणि जो ते मागेल त्यास मोजून दाखवू शकतो, त्याच्या मालास गिऱ्हाईक टिकते. येत्या हंगामात आठ लिटरचा एकच प्रयोग करावा, तारखा व आकडे वहीत टिपून ठेवावेत, आणि त्या वहीचा हिशेब जुळल्यावरच दुसऱ्या बरणीचा विचार करावा.