तासांची वही

बँकेच्या नोकरीतील छत्तीस वर्षे घड्याळाच्या काट्यावर गेली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता मी कपडे करून दारापाशी उभा राहिलो आणि कोठे जायचे, हे मात्र ठाऊक नव्हते. कोणाच्या कामी न आलेल्या वेळेची किंमत काय, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घर करून आहे. त्याचा नीट विचार करायला मला लावले ते एका दूरदेशीच्या कलावंताने.

माझी पुतणी कलामहाविद्यालयात शिकते. तिने एकदा मला सहा मिनिटांची एक मूक चित्रफीत दाखवली. कामगाराचा गणवेश घातलेला एक तरुण हजेरीच्या यंत्राशेजारी उभा आहे. आरंभी डोके तुळतुळीत. बघता बघता केस खांद्यापर्यंत वाढतात. बाकी काहीच घडत नाही. ‘याला कला कशासाठी म्हणायचे?’ असे मी विचारले. तिने मला त्या वर्षाचा हिशेब सांगितला आणि मी निरुत्तर झालो.

तो तरुण म्हणजे तेहचिंग शिए. जन्म १९५० सालचा, तैवानमधला. शालेय शिक्षण अर्धवट सोडून ते चित्रकलेकडे वळले. १९७४ मध्ये खलाशी म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्याला पोहोचताच त्यांनी जहाज सोडले आणि न्यूयॉर्क गाठले. वास्तव्याचा परवाना नव्हता. उपाहारगृहांत भांडी घासून, साफसफाई करून ते दिवस काढत. ‘परफॉर्मन्स आर्ट’ या प्रकारात कलावंताची कृती हीच कलाकृती असते. शिए यांनी त्यासाठी एकेका वर्षाचा कालावधी निवडला. प्रत्येक वेळी आधी नियम लिहून त्याखाली सही करायची आणि मग ते पाळायचे.

१९७८-७९ मध्ये ते सुमारे साडेअकरा फूट लांब व नऊ फूट रुंद अशा पिंजऱ्यात वर्षभर राहिले. बोलणे, वाचणे, लिहिणे, रेडिओ ऐकणे, सारे वर्ज्य. अन्न एक मित्र आणून देई. १९८१-८२ चे वर्ष त्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर काढले. बर्फाळ हिवाळ्यातही कोणत्याही छपराखाली जायचे नाही, हा नियम. पोलिसांनी अटक करून आत नेले तेवढे सुमारे पंधरा तासच तो मोडला. १९८३-८४ मध्ये लिंडा मोंटानो या कलावतीशी ते आठ फुटी दोराने बांधलेले राहिले. मात्र एकमेकांना स्पर्श करायचा नव्हता.

माझ्या मनात रुतून बसले ते हजेरीच्या यंत्राचे वर्ष. ११ एप्रिल १९८० ते ११ एप्रिल १९८१ या काळात दिवसरात्र, दर तासाला कार्ड यंत्रात घालून वेळ उमटवायची आणि कॅमेऱ्यात एक चौकट टिपायची. म्हणजे वर्षभर सलग तासाभराचीही झोप नाही. चित्रफितीत संपूर्ण दिवस एका सेकंदात सरतो तो त्यामुळेच.

एकूण ८,७६० नोंदी व्हायला हव्या होत्या. त्यांपैकी १३३ हुकल्या. शिए यांनी त्यांचे वर्गीकरणही करून ठेवले आहे: झोपेमुळे ९४, उशीर झाल्यामुळे २९, वेळेआधी केल्यामुळे १०. बेरीज बरोबर जुळते. ज्याच्यापाशी वास्तव्याचा एकही अधिकृत कागद नव्हता, त्या माणसाने आपल्या वर्षाचे इतके चोख दस्तऐवज राखले आणि त्यात स्वतःच्या चुकाही मांडल्या.

हे ऐकताना मला माझी एक नोंद आठवली. खरे तर, न केलेली नोंद. नोकरीच्या आरंभी रोखपाल असताना एका संध्याकाळी अकरा रुपये कमी भरले. मी ते खिशातून घातले आणि वहीत फरक दाखवला नाही. रोकड जुळली, वही मात्र खोटी ठरली. रक्कम क्षुल्लक होती, म्हणून ती कोणाला कधी सांगितलीही नाही.

शिए यांना १९८८ मध्ये अमेरिकेत राहण्याची मुभा मिळाली. त्याआधीच, १९८६ च्या अखेरीस, त्यांनी तेरा वर्षे कला करायची पण कोणाला दाखवायची नाही, असे ठरवले होते. १ जानेवारी २००० रोजी त्यांनी जाहीर केले ते इतकेच, की आपण स्वतःला जिवंत ठेवले. पुढे २०१७ मध्ये व्हेनिसच्या प्रख्यात द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात तैवानच्या वतीने त्यांच्या कार्डांची आणि छायाचित्रांची मांडणी झाली. आपले काम म्हणजे सहनशक्तीची परीक्षा नव्हे, वेळ सरणे हाच त्याचा विषय, असे ते सांगत आले आहेत.

निवृत्तीनंतर माझा वेळ वाया जातो, असे मी म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही. कोणाच्या कामी न आलेला तासही आयुष्याच्या खात्यातून खर्ची पडतोच. वाचकहो, तो भरून काढता येत नाही. निदान त्याची नोंद तरी खरी असावी. अकरा रुपयांची ती नोंद मी आज येथे करीत आहे.