शेवट ठाऊक असतानाची धाकधूक

२ जून २०१३ च्या रात्री अमेरिकेत ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या तिसऱ्या पर्वाचा नववा भाग दाखवला गेला. रॉब स्टार्क, त्याची आई कॅटलिन आणि त्यांची माणसं लग्नाच्या पंगतीत कापली गेली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्‌स’ ही कादंबरी २००० सालची. म्हणजे वाचकांना हे हत्याकांड तेरा वर्षांपासून पाठ होतं. तरी त्या रात्री सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला तो त्यांचाच. कित्येकांनी तर पुस्तक न वाचलेल्या मित्रांचे चेहरे टिपायला कॅमेरे लावून ठेवले होते. २०११ पासून आजवर अद्भुत कादंबऱ्यांवर ज्या मोठ्या मालिका झाल्या, त्यांचा मागोवा घ्यायला बसलं की मला पहिल्यांदा ही पंगतच आठवते.

पाहुणे आल्याआल्या त्यांना भाकरी आणि मीठ दिलं जातं. ज्याचं अन्न खाल्लं त्याच्या घरात जिवाला धोका नाही, असा त्या जगाचा रिवाज. मग जेवणं होतात, थट्टामस्करी चालते, नवरानवरीला वाजतगाजत शेजघराकडे नेतात. कुणीतरी दालनाचं दार लावून घेतं. वादकांची चाल बदलते आणि ही वैऱ्यांची, लॅनिस्टर घराण्याची चाल आहे हे कॅटलिनच्या ध्यानात येतं. शेजारी बसलेल्या रूस बोल्टनची बाही ती वर सरकवते, तर खाली चिलखताच्या कड्या. कादंबरीत बाही यजमानांपैकी एडविन फ्रेची आहे आणि त्या कड्या कॅटलिनच्या हाताला लागतात. पटकथेत हाताला कळणारी गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी केली आणि बाही प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीच्या माणसाची घेतली. या क्षणातला बदल एवढाच, पण दार लागल्यापासून पहिला वार होईपर्यंतचा वेळ मात्र जराही वाचवला नाही. पुढे काय होणार हे माहीत असलेला माणूसही त्या वेळात कॅटलिनसोबत अडकून पडतो.

प्रसंगाला असा वेळ देण्याचा सैलपणा पहिल्या पर्वात काहीसा नाइलाजानेच आला. काही भाग लांबीला कमी भरले, म्हणून डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी पुस्तकात नसलेले प्रसंग मागाहून लिहिले. पाचव्या भागात राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी आपलं मोडकं लग्न इतकी वर्षं कशाच्या जोरावर टिकलं यावर शांतपणे बोलत बसतात. मार्टिन चौथ्या पुस्तकापर्यंत वाचकाला सर्सीच्या मनात शिरू देत नाहीत. इथे त्या काही मिनिटांत ती उलगडते आणि दोनच भागांनी रॉबर्ट मरतो तेव्हा त्या मरणाला वजन येतं. हीच गोष्ट अंतरांची. राजाचा लवाजमा राजधानीहून विंटरफेलला पोचायला महिना लागतो. रस्ता लांब, निरोप उशिरा पोचणार, तोवर कुणाचं काय होईल सांगता येत नाही, ही चिंता त्या नकाशातूनच येत होती.

पाचवं पुस्तक २०११ च्या जुलैत आलं. सहावं मालिका संपली तरी आलं नाही. सहाव्या पर्वापासून मालिका बहुतांशी पुस्तकांच्या पुढे निघाली. आधीची पर्वं दहा-दहा भागांची होती, सातवं सात भागांचं झालं आणि आठवं सहाच. सातव्या पर्वात जॉन स्नो आणि त्याचे सोबती गोठलेल्या तळ्यात मृतांच्या वेढ्यात सापडतात. एक जण उत्तर सीमेवरच्या भिंतीपर्यंत धावत जातो, तिथून कावळा राणी डनेरिसच्या बेटावर निरोप नेतो आणि तळ्यावरची माणसं जिवंत आहेत तोवर ती ड्रॅगन घेऊन हजर. महिन्याचा रस्ता असा आटल्यावर धाकधूक कशाची वाटायची?

त्याच पर्वातला चौथा भाग ऑगस्ट २०१७ मध्ये प्रसारणाआधीच फुटला आणि त्या प्रकरणी मुंबई पोलिसांनी चौघांना अटक केली. तोवर आपल्याकडेही सोमवारी भल्या पहाटे उठून, अमेरिकेबरोबरच नवा भाग पाहणारे पुष्कळ होते, आणि फुटलेल्या भागाचा संताप मला पूर्ण समजतो. पण पंगतीचं रहस्य तेरा वर्षं छापील पुस्तकात उघडं पडलेलं असूनही त्या प्रसंगाला ओरखडा गेला नव्हता, हेही विसरता येत नाही.

रहस्य झाकण्याच्या या हव्यासाचा कडेलोट म्हणजे २०१९ मधला ‘द लाँग नाइट’ हा भाग. मालिकेच्या पहिल्याच दृश्यात दिसलेलं उत्तरेचं संकट आठ वर्षांनी एका रात्रीत संपतं, रॉबची बहीण आर्या हिच्या खंजिराने. प्रेक्षकांना त्या क्षणी आर्याची आठवण होऊ नये, अशी काळजी निर्मात्यांनी घेतली होती. तसं त्यांनीच सांगितलं. चकवा साधला खरा. पण तिला नजरेआड ठेवल्यामुळे मृतांच्या गर्दीतून, वार झाला त्या झाडापर्यंतची तिची वाट आपण तिच्यासोबत चाललोच नाही, आणि सगळी भीती त्या वाटेवरच होती.

पुढच्यांनी हीच ठेच पुन्हा खाल्ली. ‘हिज डार्क मटेरिअल्स’ने आपल्या जगाला लागून दुसरं जग असल्याचं गुपित पहिल्याच पर्वात फोडलं; विल हा मुलगाही तिथेच आणला, जो फिलिप पुलमन यांच्या पहिल्या पुस्तकात येतच नाही. ‘द व्हील ऑफ टाइम’ने उलटं केलं. रॉबर्ट जॉर्डन यांच्या पहिल्या कादंबरीत आपण बहुतेक वेळ रँड या तरुणाच्या नजरेने पाहतो आणि भाकितातला अवतार तोच असावा हा संशय त्याच्यासोबत आपल्यालाही पोखरत राहतो. मालिकेने ‘पाच तरुणांपैकी अवतार कोण?’ असं कोडं घालून सातव्या भागापर्यंत उत्तर झाकून ठेवलं. कोडं राहिलं, रँडची भीती गेली. २०२१ चं ते पर्व मला आजही पुरतं पाहवत नाही.

तिसऱ्या पर्वात मात्र या मालिकेला सूर सापडला. मुख्यतः ‘द शॅडो रायझिंग’ हे चौथं पुस्तक हाती घेतलं आणि चौथा भाग बराचसा रँडच्या एका परीक्षेला दिला. काचेच्या खांबांमधून तो पाऊल पाऊल पुढे जातो, प्रत्येक पावलाला एकेका पूर्वजाच्या देहात शिरून आणखी मागचा काळ जगतो. ते सगळे पूर्वज जोशा स्ट्रॅडोव्स्कीनेच उभे केले आहेत. कुठेही घाई नाही. पुस्तक वाचलेल्यांना त्या रांगेच्या टोकाला काय आहे ते पक्कं माहीत होतं, तरी त्या भागाचं सगळ्यात भरभरून स्वागत त्यांनीच केलं. हे २०२५ च्या मार्चमधलं. मे महिन्यात मालिका बंद झाल्याची बातमी आली. चौदांपैकी दहा पुस्तकं अजून जवळजवळ अस्पर्शच होती.