चार खणांत न मावणारी ताई

मोबाइलवर सध्या एक चाचणी फिरते. काही प्रश्नांची उत्तरं दिली की अमरावतीच्या आईला कळतं, आपण ‘हुकूमशाही’ पालक. अकोल्याच्या बाबांना कळतं, आपण ‘लाडावणारे’. खाली ‘शास्त्रीय संशोधनावर आधारित’ असा शिक्काही असतो.

ते संशोधन डायना बॉमरिंड यांचं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे त्यांनी बालवाडीतली ११० मुलं न्याहाळली आणि त्यांतली ठळक वागणुकीची ३२ निवडली. काही आत्मविश्वासाने वावरणारी, काही घुमी, काही वयाच्या मानाने पोरकट. मग त्यांचे पालक पाहिले. माया आणि शिस्त दोन्ही सांभाळणारे, नुसता धाक दाखवणारे, नुसती मोकळीक देणारे असे तीन प्रकार १९६७ पर्यंत मांडले गेले. लक्षच न देणाऱ्यांचा चौथा खण १९८३ मध्ये एलिनॉर मॅकॉबी आणि जॉन मार्टिन यांनी जोडला.

क्रम पाहण्यासारखा आहे: आधी मुलं, मग पालक. निष्कर्ष मात्र उलटा वाचला जातो.

१९६८ मध्येच रिचर्ड बेल या मानसशास्त्रज्ञाने शंका काढली की मूलही पालकांना घडवत असेल. शांत मुलाला समजावून सांगणं सोपं. दिवसभर धुडगूस घालणाऱ्या पोराचा बाप संध्याकाळपर्यंत आवाज चढवतोच. दोन लेकरांची माय हे बेल न वाचताही सांगेल. थोरल्याशी ती एक असते, धाकट्याशी दुसरीच. (मग चाचणीत तिने कुणाला आठवून उत्तरं द्यायची?)

बर्कलीतल्या पालक-प्रकारांची नावं सर्वतोमुखी झाली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक मात्र या चर्चेत कधी येत नाहीत. १९१५ मध्ये लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या. १९२१ मध्ये संसार मोडला, पदरात लहानगी लेक होती. नोकरीसाठी राजकोट, मग भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं बोर्डी.

बोर्डीत अनुताई वाघ सोबतीला आल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. बिया, शंखशिंपले, पानं, माती हाताशी होती. थोरल्या मुलांची अडचण वेगळीच होती. त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. ताराबाईंनी आईबापांना बोल लावला नाही. पुढे जवळच्याच कोसबाडला, विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटं पाळण्यात, ताई वर्गात.

अशी ताई वऱ्हाडातही आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत माय-बाप वावरात असतात आणि कित्येक घरांत धाकट्याला भरवते, रागावते, निजवते ती आठ-दहा वर्षांची ताईच. पालकत्वाच्या चार खणांत तिला जागा नाही.

१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. ताराबाई त्याआधी दोन वर्षं, १९७३ मध्ये गेल्या होत्या. या योजनेतून अंगणवाडी गावोगाव पोचली, पण पाळणाघराचा भाग बहुतेक ठिकाणी राहूनच गेला. तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, लस मिळते, वजन होतं. दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. वेचणीच्या हंगामात तो कुणावर पडतो, हे पाहायचं असेल तर गावच्या शाळेचा हजेरीपट उघडावा.