मलेरियातली साखर आणि कडू काढा

मलेरिया म्हटला की हुडहुडी भरून येणारा ताप आठवतो. पण फॅल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियाचा रुग्ण दगावतो त्यामागे काही वेळा रक्तातली उतरलेली साखरही असते. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी ग्लुकोजवरच जगतो आणि अशी पेशी निरोगी पेशीच्या कितीतरी पट ग्लुकोज फस्त करते. त्यात रुग्णाच्या पोटात अन्न ठरत नाही आणि यकृताची नवी साखर तयार करण्याची ताकदही घटलेली असते. मोठ्या माणसाची साखर डेसिलिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली गेली की मलेरिया गंभीर मानतात. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांना हा धोका विशेष. साखर उतरल्याने आलेली बेशुद्धी आणि झटके मेंदूच्या मलेरियाचेच वाटतात. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासल्याशिवाय खरं कारण कळत नाही.

म्हणून मलेरियावरच्या वनस्पतीच्या अर्काला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत: परजीवी किती मेले आणि साखरेचं काय झालं? प्लाझ्मोडियम बर्घाय या मलेरियाच्या परजीवीची लागण केलेल्या उंदरांमध्ये काही अर्कांनी साखर उतरू दिली नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण परजीवी घटले तर साखर आपसूकच टिकेल. त्यावरून अर्क साखर सांभाळतो असं म्हणता येत नाही. उलट कारलं, कडुनिंब, काडेचिराईत यांचा अभ्यास मधुमेहात साखर उतरवण्यासाठी झालेला आहे. मधुमेहात हवाहवासा वाटणारा हाच गुण मलेरियाच्या उपाशी रुग्णाला घातक ठरू शकतो.

यावर कोणी म्हणेल, क्विनाइन तरी कुठून आलं? सिंकोनाच्या सालीतूनच. खरं आहे, पण हाच दाखला सावध करणारा आहे. क्विनाइन स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि साखर कोसळते, हे थायलंडमधल्या रुग्णांवरून १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर ते औषध, आधी सालीच्या रूपात, शतकानुशतकं वापरात होतं. २००५ मध्ये आशियातल्या मोठ्या चाचणीत आर्टेसुनेट हे औषध दिलेल्यांमध्ये क्विनाइनच्या तुलनेत मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले, साखरही कमी जणांची उतरली. आर्टेसुनेटचं मूळही वनस्पतीतच, आर्टेमिसिया ॲन्युआत. पण त्यातलं द्रव्य वेगळं काढून, त्यापासून औषध बनवून, मात्रा ठरवून, माणसांवर तपासून मगच ते दिलं जातं. त्याच आर्टेमिसियाचा चहा किंवा चूर्ण मलेरियावर घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गडचिरोलीसारख्या फॅल्सिपेरमग्रस्त भागात तापाच्या मुलाला काढा पाजत दोन दिवस घालवणं म्हणूनच परवडणारं नाही. आधी रक्त तपासावं. मूल बेशुद्ध असेल आणि ग्लुकोजचं सलाईन लावायला कोणी नसेल, तर दवाखान्याच्या वाटेवर पाण्याचे थेंब टाकून ओलसर केलेली चमचाभर साखर जिभेखाली ठेवावी आणि ती गिळली गेली तर पुन्हा ठेवावी.