जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनाचे दोषनिदान

जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनाचे दोषनिदान म्हणजे वाहनाची ओढण्याची शक्ती घटणे, इंजिन अडखळणे, धूर वाढणे किंवा इंधन अधिक लागणे या लक्षणांवरून मूळ बिघाडापर्यंत पोहोचण्याची पद्धत होय. मराठीत ‘पिकअप’ हा शब्द उघड्या हौद्याच्या छोट्या मालवाहू वाहनासाठी वापरला जातो, तसाच वाहनाच्या वेग घेण्याच्या क्षमतेसाठीही वापरला जातो. त्यामुळे गॅरेजमध्ये ‘पिकअप पिकअप घेत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. या तक्रारीचे कारण अनेकदा इंजिनाच्या अंतर्भागात नसून त्याला हवा व इंधन पुरवणाऱ्या मार्गांत असते. ते मार्ग न तपासता इंजिन खोलले, तर खर्च होतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

पार्श्वभूमी

टाटा ४०७ हे हलके मालवाहू वाहन १९८६ मध्ये, तर टाटा मोबाइल हे पिकअप १९८८ मध्ये बाजारात आले. पुढे टाटा २०७ डीआय, महिंद्राचे २५२३ घनसेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाचे बोलेरो पिकअप आणि २००५ मध्ये आलेली, ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी टाटा एस ही वाहने ग्रामीण महाराष्ट्रात रूढ झाली. बीड जिल्ह्यात (नोंदणी क्रमांक एमएच २३, अंबाजोगाई कार्यालयाकडील वाहनांसाठी एमएच ४४) भाजीपाला, दूध, कापूस, जनावरांचा चारा आणि टंचाईच्या काळात पाण्याच्या टाक्या वाहून नेण्यासाठी अशी वाहने वापरली जातात. चालक हाच बहुधा मालकही असतो. हंगामात गाडी आठवडाभर उभी राहिली, तर कर्जाचा हप्ता आणि घरखर्च दोन्ही अडतात.

जिल्ह्याच्या भूरचनेचाही निदानाशी संबंध येतो. उत्तरेकडील गेवराई व माजलगाव हे तालुके गोदावरीकाठच्या सखल भागात आहेत, तर मध्यातून बालाघाटचे डोंगर गेले आहेत. मांजरसुंबा व धारूर येथील घाट भरल्या गाडीने चढताना इंजिनाचा अशक्तपणा प्रथम जाणवतो. सपाट रस्त्यावर तो महिनोन्महिने लपून राहू शकतो. घाटात हवा विरळ असल्याने गाडी ओढत नाही, हा समज मात्र टिकणारा नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १०० मीटर उंचीमागे साधारण एक टक्का घटते. बालाघाटची उंची पाहता हा फरक चालकाला क्वचितच जाणवेल.

इंजिनाबाहेरील कारणे

प्रथम दोष खरोखर इंजिनाचा आहे की नाही, हे ठरवावे लागते. क्लच प्लेट झिजलेली असल्यास चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण त्या प्रमाणात वेग वाढत नाही. इंजिनात शक्ती कमी असल्यास आवाजही चढत नाही. ब्रेक चिकटत असल्यास थोडे अंतर चालल्यावर एखाद्या चाकाचा ड्रम इतरांपेक्षा बराच गरम लागतो आणि न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थांबते. टायरमधील कमी हवा व क्षमतेपेक्षा जास्त माल यांचा परिणामही ‘गाडीत दम नाही’ असाच भासतो.

याच टप्प्यावर ॲक्सिलरेटरची केबल पाहावी. एकाने पॅडल तळापर्यंत दाबायचे आणि दुसऱ्याने इंधन पंपावरील लिव्हर शेवटच्या थांब्याला टेकते का ते पाहायचे. केबल ताणली गेल्यामुळे किंवा पॅडलखाली जाड मॅट अडकल्यामुळे लिव्हर अर्ध्यावरच थांबत असेल, तर इंजिनाला पूर्ण इंधन कधी मिळतच नाही. या तपासणीला दोन मिनिटे लागतात व खर्च काहीच येत नाही. तरीही ती वगळली जाते.

धुरावरून निदान

जुन्या डिझेल इंजिनात पॅडल दाबल्याने हवा नव्हे, तर केवळ इंधन कमी-जास्त होते. हवा इंजिन आपल्या क्षमतेनुसार ओढून घेते. म्हणून हवा व इंधन यांतील बिघडलेला तोल धुराच्या रंगावरून कळतो.

काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी, किंवा नोझल इंधनाचा बारीक फवारा न करता थेंब टाकत आहे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. तो पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोच्या गळतीमुळे येतो. पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. डोळ्यांना झोंबणारा व डिझेलचा वास येणारा धूर न जळलेल्या इंधनाचा असून तो कमी कॉम्प्रेशनमुळे किंवा पंपाचे टायमिंग मागे गेल्यामुळे येतो. कूलंटचा गोडसर वास येणारी वाफ हेड गॅस्केट फुटल्याचे लक्षण असते. थंडीत सकाळी काही क्षण दिसणारी वाफ मात्र दोष मानली जात नाही.

सर्वांत उपयुक्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित लक्षण म्हणजे धूर नसणे. भार घेऊन चढताना गाडी ओढत नाही आणि धूरही येत नाही, याचा अर्थ इंजिनापर्यंत पुरेसे डिझेलच पोहोचत नाही. अशा वेळी टर्बो किंवा बोअर-पिस्टनवर खर्च करणे व्यर्थ ठरते. गाडी ओढत नाही आणि काळा धूर येतो, तेव्हा डिझेल पोहोचत असते, पण ते नीट जळत नसते. या दोन अवस्था वेगळ्या ओळखल्या, तर शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

हवेचा मार्ग

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी किमान सुमारे १०,००० लिटर हवा लागते. शेतरस्त्यावरील काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या वाहतुकीत उडणारे तंतू या हवेबरोबर एअर फिल्टरवर येऊन साचतात. कागदी फिल्टर आपटून किंवा धुऊन पुन्हा वापरल्यास त्याला सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा फिल्टरमधून गाडीला हवा भरपूर मिळते, पण धूळही आत जाऊन सिलिंडर झिजवते. तात्पुरता लाभ व कायमचे नुकसान असा हा सौदा असतो. टर्बो असलेल्या वाहनात टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी होजला चीर पडल्यास भाराखाली शिट्टीसारखा आवाज व काळा धूर एकत्र येतात. चीर होजच्या खालच्या बाजूस असल्यास ती हात फिरवल्याशिवाय सापडत नाही. ही तपासणी इंजिन बंद व थंड असतानाच करावी.

इंधनाचा मार्ग

टाकी, नळी, फिल्टर, फीड पंप, मुख्य पंप आणि नोझल असा डिझेलचा प्रवास असतो. शेतावर ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी व गाळ मिसळण्याची शक्यता जास्त असते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घेतल्यास पाणी तळाशी वेगळे दिसते.

टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली काम करते. त्यामुळे तिचा जोड सैल झाल्यास बहुधा बाहेर डिझेल गळत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. यालाच चालक ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. ओल कुठेही दिसत नसल्याने हा दोष फसवा ठरतो. फिल्टर व पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी लावल्यास त्यातून जाणारे बुडबुडे दिसतात. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यास गाडी काही किलोमीटर व्यवस्थित चालून मंदावते. झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज होऊन ती पुन्हा ठीक चालू लागते.

संशय कायम राहिल्यास स्वच्छ डिझेलचा वेगळा कॅन घट्ट बसवून, आगीपासून काळजी घेत, पंपाला थेट त्यातून पुरवठा करतात. शक्ती परत आली, तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे. परत आली नाही, तरच महागडा पंप काढून चाचणी बाकावर पाठवणे योग्य ठरते.

सिलिंडर व कॉम्प्रेशन

इंजिन ‘मिसिंग’ करत असल्यास मंद गतीवर एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून पाहतात. चालू सिलिंडरचा नट सैल होताच इंजिनाची गती घटते. निकामी सिलिंडरच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही. त्यानंतर त्या सिलिंडरचे नोझल दुसऱ्या सिलिंडरवर लावले जाते. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागच्या जागी राहिला तर कॉम्प्रेशन मोजावे लागते. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडले असता धुराचे जोरदार लोट येत असतील, तर रिंग व सिलिंडर झिजल्याची शक्यता मोठी असते. इंजिन उतरवण्याचा निर्णय या टप्प्यानंतरचा आहे.

कॉमन रेल इंजिनांतील फरक

नळीचा नट सैल करण्याची वरील पद्धत केवळ यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी आहे. कॉमन रेल प्रणालीत डिझेलचा दाब १,००० बारच्याही पुढे जातो. त्या दाबाची बारीक धार त्वचेतून शरीरात शिरते आणि बोट किंवा हात कायमचा निकामी होऊ शकतो. अशा वाहनांचे निदान स्कॅनर जोडून केले जाते. स्कॅनरवरील कोड कोणत्या भागाच्या मोजमापात विसंगती आहे एवढेच सांगतो. तो भाग बदलावा असे सांगत नाही. रेलमधील दाब कमी असल्याचा कोड बुजलेल्या फिल्टरमुळेही येतो आणि त्यासाठी उच्चदाब पंप बदलला गेल्यास मालकाला नाहक भुर्दंड बसतो.

धूर आणि वाहन तपासणी

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. प्रदूषण तपासणीत डिझेल वाहनाच्या धुराची घनता पॅडल एकदम दाबून मोजली जाते. भारत स्टेज ४ पूर्वीच्या वाहनांसाठी तिची मर्यादा २.४५ प्रति मीटर, तर भारत स्टेज ४ वाहनांसाठी १.६२ प्रति मीटर आहे. भारत स्टेज ४ मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. तपासणीपुरता धूर कमी दिसावा म्हणून पंपाचा इंधन-स्क्रू मागे फिरवण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. त्याने धूर घटतो, पण शक्तीही घटते. मग घाटासाठी तोच स्क्रू पुन्हा गरजेपेक्षा पुढे फिरवला जातो आणि जादा इंधनाच्या उष्णतेने पिस्टन व हेड गॅस्केट यांचे आयुष्य कमी होते.