धुराड्यातील वायू आणि त्याचे अर्थकारण

एके काळी धुराड्यांच्या संख्येवरून औद्योगिक प्रगतीचे मोजमाप होत असे. आज त्याच धुराड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीच्या तापमानवाढीचे प्रमुख कारण ठरला आहे. कोळशाचा वापर एका दिवसात थांबणे शक्य नाही. म्हणूनच धूर आकाशात मिसळण्यापूर्वी त्यातील हा वायू वेगळा काढण्याच्या तंत्राला महत्त्व आले आहे.

हे तंत्र मुळात नवे नाही. अमेरिकेतील आर. आर. बॉटम्स यांना १९३० मध्ये त्याचे पेटंट मिळाले. कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी, तर ‘अमाइन’ वर्गातील सेंद्रिय द्रव अल्कधर्मी. त्यामुळे दोघांचा संयोग सहज होतो. थंड केलेला धूर उंच मनोऱ्यात खालून सोडतात आणि वरून अमाइनचे पाण्यातील द्रावण शिंपडतात. सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानाला वायू द्रावणात बांधला जातो. दुसऱ्या मनोऱ्यात तेच द्रावण सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले की वायू सुटा होतो आणि द्रावण पुन्हा कामी येते.

खरा खर्च या तापवण्याचा असतो. वीजकेंद्रात त्यासाठी लागणारी वाफ बहुधा वीजनिर्मितीतूनच काढून घ्यावी लागते. शिवाय द्रावण कालांतराने बिघडते आणि यंत्रसामग्रीही गंजवते. कमी उष्णतेत काम करणाऱ्या द्रावणांचा शोध त्यामुळेच सुरू आहे.

तमिळनाडूतील तुतिकोरिन येथील ‘तुतिकोरिन अल्कली केमिकल्स’ या कारखान्यात २०१६ मध्ये असे द्रावण वापरात आले. ते विकसित करणाऱ्या ‘कार्बन क्लीन’ या कंपनीचे संस्थापक आयआयटी खरगपूरचे विद्यार्थी होते. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन वायू मिळवण्याची ही योजना होती आणि ती सरकारी अनुदानाविना उभी राहिली. सोडा तयार करण्यासाठी कारखान्याला हा वायू कच्चा माल म्हणून हवाच होता.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०१७ पासून ‘पेट्रा नोव्हा’ प्रकल्पाचा वायू खनिज तेल उपसण्यासाठी वापरला जाऊ लागला. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच तो प्रकल्प बंद ठेवावा लागला आणि २०२३ मध्येच पुन्हा सुरू झाला. नॉर्वेने मात्र १९९१ मध्ये समुद्रातील तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर बसवला. त्यामुळे तेथील स्लाइप्नर क्षेत्रात नैसर्गिक वायूतून अमाइनने वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड १९९६ पासून समुद्रतळाखाली साठवला जाऊ लागला; कर भरण्यापेक्षा ते परवडणारे होते.

सोड्यातील कार्बन त्याच्या वापरानंतर बहुतांशी पुन्हा हवेत जातो. जमिनीखाली कायमचा साठवलेला वायू हवेत परतत नाही. पण त्याला ग्राहकही नसतो. अशा वेळी खर्चाचा भार कर, कार्बन क्रेडिट किंवा सरकारी साहाय्य यांपैकी कशाने तरी उचलावा लागतो. म्हणूनच अशा प्रकल्पाच्या कर्जप्रस्तावाची छाननी करताना द्रावणाच्या क्षमतेइतकाच, पकडलेल्या वायूचे पैसे कोण आणि किती वर्षे देणार, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.