निकालाच्या आधीचा आनंद

संक्रांत जवळ आली की सोलापुरात नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. उंच, जड काठी कमरेशी तोलून धरायची, पाठ ताठ ठेवायची आणि तोल न जाऊ देता सावकाश पावलं टाकायची. हात भरून आले की दुसरा पुढे होतो. यात्रेला अजून अवकाश असतो, पण गल्लीतल्या पोरांच्या चेहऱ्यावर यात्रा आलेली असते.

ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पहिल्या दिवशी शहराभोवतीच्या 68 लिंगांना तैलाभिषेक, भोगीला तळ्याकाठच्या सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा आणि संक्रांतीला होम मैदानावर होमविधी हा क्रम ठरलेला. पुढे काय होणार हे लहान पोरालाही पाठ असतं, तरी पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी रस्ता भरून जातो. ज्यात अनपेक्षित असं काहीच नाही, त्यात इतका आनंद कुठून येतो, हा मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने खरोखर मोलाचा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तराचा एक धागा मराठी माणसांकडूनच मिळाला, तोही हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी समाजातल्या स्त्रियांसोबत मार्टिन लांग, दिमित्रिस झिगालाटास आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो 2020 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहभागी स्त्रियांना आधी मुद्दाम ताण दिला: नैसर्गिक आपत्तीला तोंड देण्याच्या तयारीवर भाषण तयार करा, जाणकार ते तपासतील. मग काही जणींना देवळात नेहमीची पूजा करायला पाठवलं आणि बाकीच्यांना तेवढाच वेळ दुसऱ्या जागी शांत बसवलं. सगळ्यांच्या हृदयाचे ठोके यंत्रावर नोंदले जात होते.

इथे शरीराची एक गंमत सांगायला हवी. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस ठोक्यांचा लगाम सैल-घट्ट करत असते. माणूस धास्तावला की तिची पकड सुटते आणि दोन ठोक्यांमधलं अंतर जवळपास एकसारखं होत जातं. म्हणून या अंतरातला चढउतार जितका जास्त, तितकं शरीर निवांत समजायचं. पूजा केलेल्या स्त्रियांमध्ये हा चढउतार नुसतं बसलेल्यांपेक्षा जास्त आढळला, आणि आपली काळजी कमी झाल्याचं त्यांनी स्वतःही सांगितलं.

संशोधकांनी याचा लावलेला अर्थ मला पटतो. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो आणि अंदाज चुकत राहिले की अस्वस्थता वाढते. तेच हातवारे, तोच क्रम, तीच आवर्तनं केली की पुढचा क्षण नेमका ठरल्यासारखा येतो. बाहेरचं जग आपल्या हातात नसतं, पण पुढची ओंजळ असते. देवावरच्या श्रद्धेचा यात वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मात्र ठरावीक क्रमाचा परिणाम देवळाबाहेरही दिसतो. कॅथलीन व्होज आणि सहकाऱ्यांच्या 2013 सालच्या प्रयोगांत चॉकलेट खाण्याआधी ते ठरवून दिलेल्या पद्धतीने मोडायला आणि उलगडायला सांगितलं होतं. तसं करणाऱ्यांना ते जास्त चवदार लागलं. कृती दुसऱ्याने केली आणि आपण नुसती पाहिली, तर हा फरक पडत नव्हता. हे वाचून जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणारे हात आठवतात. भाकरी तीच, शेंगांची चटणीही तीच, पण त्या दोन क्षणांच्या थांबण्यात जिभेचं लक्ष ताटावर येतं.

स्वप्नांतही पुढचं आधीच ठाऊक असण्याचा काहीसा असाच परिणाम दिसतो. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दिवा लागला की थोड्या वेळाने फळांचा रस मिळतो, हे माकडांच्या अंगवळणी पडल्यावर पेशी रस मिळताना नव्हे, दिवा लागतानाच उसळू लागल्या. वाट पाहण्यातच उत्साहाचं इंजिन आहे. पण नुसतं सुखद चित्र रंगवत बसण्यात धोकाही आहे. हेदर काप्पेस आणि गॅब्रिएले ओएटिंगेन यांनी 2011 मध्ये दाखवलं की सगळं छान झाल्याची कल्पना करणाऱ्यांचा वरचा रक्तदाब उतरतो, म्हणजे शरीर काम उरकल्यासारखं सैलावतं. याउलट ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ असं आधी बांधून ठेवलेलं स्वप्न तडीस जाण्याची शक्यता वाढते. पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये अशा 94 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हा परिणाम ठळक दिसला. नंदीध्वज पेलायचं स्वप्न बघणाऱ्या पोराला रोजचा सराव हेच देतो: वेळ ठरलेली, जागा ठरलेली.

निकालाआधीच्या याच आनंदाचा आणखी एक नमुना म्हणजे फुटबॉल. एखाद्या संघावर जीव लावणं हा हिशेबाने पाहिलं तर तोट्याचा व्यवहार. पीटर डोल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन यांनी ब्रिटनमधल्या हजारो लोकांच्या मोबाइलवर नोंदवलेल्या मनःस्थितीचा 2018 मध्ये अभ्यास केला. संघ जिंकल्यावर जितका आनंद वाढतो, त्याच्या जवळपास दुप्पट दुःख हरल्यावर होतं. 2006 च्या विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण अडीचपटीहून अधिक झाल्याची नोंद आहे. मग लोक मैदानाकडे का जातात?

ब्राझीलमधल्या एका अभ्यासाने याचं फार सुंदर उत्तर दिलं. तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातही झिगालाटास आहेतच. राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी समर्थकांच्या अंगावर ठोके मोजणारी यंत्रं बसवली होती. सामन्याआधी खेळाडूंची बस येते तेव्हा समर्थक रस्त्याच्या दुतर्फा मशालींसारखे भडकणारे फटाके आणि धूर करून तिचं स्वागत करतात. ‘अग्नीचा रस्ता’ असंच त्या प्रथेचं नाव. समर्थकांच्या भावनांची लय एकमेकांशी सर्वाधिक जुळली ती इथे, प्रत्यक्ष सामन्यापेक्षाही जास्त. त्याच्या तोडीला आला तो फक्त आपल्या संघाने गोल केल्याचा क्षण.

हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तिथल्या फुटबॉल संघांची नावंच पेठा आणि तालमींची आहेत. संघ निवडायचा नसतो, तो घरातून मिळतो. शाहू स्टेडियमवर पळणारा मुलगा आपल्याच गल्लीतला असतो, आणि विज्ञानाच्या दृष्टीने हे नातं निर्णायक ठरतं. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात दर जूनमध्ये लोक निखाऱ्यांवरून चालतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांचे आणि बघणाऱ्यांचे ठोके मोजले गेले. स्वस्थ उभ्या असलेल्या नातेवाइकांचं हृदय चालणाऱ्याच्या हृदयाबरोबर वर-खाली होत होतं, अनोळखी पाहुण्यांचं मात्र नाही. शेजारी उभं राहून तेच दृश्य पाहिलं तरी शरीराला आपलं-परकं कळत होतं.

9 ऑक्टोबर 2017 रोजी दिल्लीत 17 वर्षांखालील विश्वचषकात भारत कोलंबियाविरुद्ध खेळला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. 82 व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. कोलंबियाने लगेच दुसरा गोल केला, सामना 2-1 असा गेला आणि भारताने गटातले तिन्ही सामने गमावले. तरीही त्या गोलचा आनंद ज्यांनी घेतला त्यांच्याकडून तो कुणी काढून घेतलेला नाही. पराभवाच्या आकडेवारीत न मावणारं हे काहीतरी आहे, आणि ते मोजण्याजोगं आहे.

सोलापुरात विद्यापीठ आहे, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दरवर्षी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रस्त्याने निघणारी यात्रा आहे. ठोके मोजणारे पट्टे आता महाग राहिलेले नाहीत. नंदीध्वज पेलणाऱ्याचं हृदय आणि गर्दीत उभ्या असलेल्या त्याच्या आईचं हृदय एकत्र धावतं का? अक्षतांच्या क्षणी लय जास्त जुळते की सरावाच्या संध्याकाळी? मानकऱ्यांच्या संमतीने, विधीला कुठेही धक्का न लावता हे तपासता येईल. सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी येत्या यात्रेपासून हे काम हाती घ्यावं.